पत्त्यांची सामायिक वही

मार्च १९४० मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या एका गावाचं नाव टपालापायी बदललं. गाव सेगाव, वर्ध्याहून जेमतेम आठ किलोमीटर. ३० एप्रिल १९३६ ला गांधीजी तिथे राहायला गेले आणि त्या आडगावाकडे देशभरातून, देशाबाहेरूनही पत्रांची रीघ लागली. पण वर्ध्यावरून मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वेच्या वाटेवरच बुलढाणा जिल्ह्यातलं शेगाव होतं. गजानन महाराजांचं शेगाव, स्वतःचं स्टेशन असलेलं, टपालखात्याला आधीपासून ठाऊक असलेलं. सेगावची पत्रं शेगावात उतरू लागली. शेवटी सेगावचं सेवाग्राम झालं. शाळेत आम्हाला ह्या नावातली सेवा शिकवली. वाट चुकलेल्या पत्रांबद्दल कुणी सांगितलं नाही. मला मात्र ती पत्रंच आधी आठवतात, कारण माझा सगळा जन्म पत्ते लिहिण्यात आणि दुरुस्त करण्यात गेला.

वर्ध्यातल्या एका संस्थेच्या बारनिशीत मी लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. बारनिशी म्हणजे आवक-जावक. आलेलं टपाल फोडायचं, शिक्का मारून नोंदवायचं, टेबलाटेबलावर पोचवायचं. जाणारं टपाल नोंदवून, तिकीट लावून, स्थळप्रत फाईलला घालून रवाना करायचं. ह्या कामाला कुणी मोठं समजत नाही. पण कुठलीही संस्था शेवटी माणसांवर उभी असते, आणि ती माणसं कुठे राहतात हे संस्थेला ठाऊक असावं लागतं. एकाला ठाऊक असून भागत नाही, सगळ्या दफ्तराला ठाऊक असावं लागतं. पत्ते सगळ्यांचे कसे करायचे, आणि सगळ्यांचे केल्यावर ते जपायचे कसे, हा प्रश्न ह्या जिल्ह्याइतका जवळून फार थोड्या ठिकाणांनी पाहिला असेल.

तीसच्या दशकातल्या वर्ध्याकडे टपालाच्या नजरेने पाहिलं तर छाती दडपते. जमनालाल बजाजांची पेढी इथे आधीपासून होतीच. कापसाच्या व्यापाराची पत्रं, तारा रोजच्या. त्यात १९३४ पासून गांधीजी वर्ध्यात येऊन राहिले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला आणि जमनालालजींनी दिलेल्या बागेत, मगनवाडीत, जे. सी. कुमारप्पांचं दफ्तर सुरू झालं. १९३६ ला राष्ट्रभाषा प्रचार समिती आली. महिलाश्रम होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम, मग हिंदुस्थानी तालीमी संघ. १९४१ ला गोसेवा संघ. काँग्रेस कार्यकारिणीच्या बैठका वर्ध्याला भरत, बजाजवाडीत पाहुण्यांची ये-जा अखंड असे. प्रत्येक संस्थेचा लेटरहेड वेगळा, मंत्री वेगळे, पण लोक बरेचसे तेच. घाण्याच्या तेलाबद्दल कुमारप्पांना लिहिणारा कार्यकर्ता उद्या त्याच्या मुलीच्या शाळेबद्दल तालीमी संघाला लिहिणार आणि परवा मनातली अडचण थेट बापूंना. एकाच माणसाचा पत्ता तीन दफ्तरांना लागायचा. तो माणूस बदलून दुसऱ्या गावी गेला, तुरुंगात गेला, तर तिन्ही दफ्तरांना कळायला हवं. त्या काळात तर माणसं तुरुंगात सारखीच जात.

ह्या सगळ्या टपालाच्या मधोमध एक माणूस चालत होता, आणि हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही. गांधीजी सेगावला गेले ते एकटं राहण्याच्या विचाराने. त्यांचे सचिव महादेवभाई देसाई आणि दफ्तर राहिलं मगनवाडीत. रोज सकाळी महादेवभाई टपाल घेऊन पायी सेगावला जायचे आणि संध्याकाळी उत्तरं घेऊन पायी परत यायचे. जाऊन-येऊन अकरा मैल, आणि एखाद्या दिवशी दोनदा. वर्ध्याचा मे महिना ज्यांनी पाहिला आहे त्यांना पुढचं सांगायला नको. इथे पारा ४५ च्या वर जाणं ही बातमी नसते. शरीराने किती सोसायचं? १९३८ मध्ये त्यांची प्रकृती ढासळली. पुढे सेवाग्रामातच त्यांची कुटी झाली. ती आजही आहे.

आश्रमात गेलात तर बापू-दफ्तर म्हणून खोली दाखवतात. तिथे दोन वस्तू सगळ्यांच्या लक्षात राहतात. एक म्हणजे साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पेटी. साप मारायचा नाही, पकडून दूर सोडायचा. दुसरी वस्तू टेलिफोन. व्हाइसरॉय लिनलिथगो ह्यांना गांधींशी तातडीने बोलता यावं म्हणून सरकारने तो बसवला. मी जेव्हाजेव्हा तिथे जाते तेव्हा मला तिसरी गोष्ट दिसते, जी मांडलेली नाही: त्या खोलीत बसून उत्तरं लिहिणाऱ्या माणसांच्या डोक्यातली नावं. महादेवभाई, प्यारेलालजी, राजकुमारी अमृत कौर, आणि वेळोवेळी हाताशी घेतलेले इतर. गुजराती, हिंदी, इंग्रजी अशा तीन भाषांत टपाल. गांधीजी स्वतः हाताने लिहायचे, उजवा हात थकला की डाव्याने. पोस्टकार्डं, आलेल्या पत्रांच्या कोऱ्या बाजू, फाडून सरळ केलेली पाकिटं. अशा हाताने लिहिलेल्या कित्येक पत्रांची दफ्तरात नक्कलच राहिली नाही.

इथे बारनिशीतल्या बाईचं मत ऐका. ज्या दफ्तरात पत्राची नक्कल राहत नाही, तिथे पत्ता माणसाच्या आठवणीवर चालतो. आणि ती आठवण महादेवभाईंसारख्या माणसाची असली तर काम अप्रतिम चालतं, कारण त्यात नुसतं ठिकाण नसतं. कोण आजारी आहे, कुणाला पोस्टकार्ड चालेल आणि कुणाचं पत्र बंद पाकिटातच जायला हवं, कुणाला पत्र द्यायचं तर आधी कुणाला विचारावं, हे सगळं त्या एका पत्त्यात येतं. वहीत एवढं मावत नाही.

मग आलं १९४२. ११ फेब्रुवारीला जमनालालजी वर्ध्यात अचानक गेले. वय बावन्न. त्यांच्या मृत्यूनंतर काही दिवसांतच गांधीजींनी जमनालालजींच्या मित्रांना पत्र पाठवून वर्ध्याला बोलावलं: त्यांनी हाती घेतलेली कामं कोण पुढे नेणार, ते सांगायला या. ह्या प्रसंगाबद्दल वाचताना सगळे भाषणाकडे पाहतात, मी यादीकडे पाहते. गेलेल्या माणसाचे मित्र कोण, हे कुणीतरी बसून लिहून काढलं असणार. व्यापारातले, खादीतले, गोसेवेतले, घरचे, राजस्थानातले. एका माणसाने आयुष्यभर जोडलेले लोक त्या आठवड्यात पहिल्यांदा सगळ्यांचे झाले.

नऊ ऑगस्टला ‘छोडो भारत’ची धरपकड झाली. पंधरा ऑगस्टला महादेवभाई आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना वारले, पन्नासाव्या वर्षी. सहा महिन्यांत वर्ध्याने दोन माणसं गमावली, आणि त्यांच्याबरोबर माणसांचा केवढा गोतावळा आठवणीतून पुसला गेला असेल, ह्याचा विचार मी टेबलावर बसून पुष्कळदा केला आहे.

त्याची भरपाई नंतर कशी करावी लागली, ते गांधीजींच्या समग्र वाङ्मयात दिसतं. १९५६ मध्ये सरकारने ते काम हाती घेतलं. १९९४ पर्यंत शंभर खंड पुरे झाले. खंड उघडून कुठल्याही पत्राच्या खाली पाहा. मूळ पत्र कुठलं, फोटोनक्कल कुठे ठेवली आहे, सौजन्य कुणाचं, हे लिहिलेलं असतं. म्हणजे पत्र ज्याला गेलं त्याला, नाहीतर त्याच्या मुलाबाळांना शोधून, पेटीत जपलेलं पोस्टकार्ड मागून, त्याची नक्कल करून घेतली. सेवाग्रामातून बाहेर पडलेली पत्रं पुन्हा गोळा झाली ती उलट वाटेने, घेणाऱ्याच्या दारातून. मला त्या तळटीपा वाचायला पत्रांइतक्याच आवडतात. प्रत्येक तळटीप म्हणजे एक सापडलेला पत्ता.

आता आमच्या दफ्तराकडे येते.

मी लागले तेव्हा पत्त्यांची वही आमच्या मुख्य कारकुनांच्या, बडेबाबूंच्या, ताब्यात होती. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडाच्या पाठीची, कडेला अक्षरांच्या खाचा कापलेली लांब वही. पण त्या खाचा त्यांनी आडनावांसाठी वापरल्या नव्हत्या, गावांसाठी वापरल्या होत्या. ह्यामागचा विचार पहिल्याच आठवड्यात कळला. आमच्याकडे देशमुख, चौधरी, वानखडे, ठाकरे ह्यांना तोटा नाही. विचारायला येणारा माणूसही आडनाव सांगत नाही. तो म्हणतो, "आर्वीकडचे ते खादीवाले नाही का, चष्मा लावायचे?" म्हणून आधी गाव, मग माणूस.

वहीत रकाने होते. नाव, मुक्काम पोस्ट, तालुका, जिल्हा, शेवटचं पत्र कधी गेलं, आणि सगळ्यात शेवटी एक अरुंद रकाना, ‘मार्फत’. हा पत्ता आपल्याकडे कुणामार्फत आला? अमक्या गुरुजींमार्फत, तमक्या शिबिरामार्फत, स्वतः येऊन दिला. पहिल्यांदा मला तो रकाना फुकट जागा खाणारा वाटला. बडेबाबू म्हणाले, "बाई, पत्ता रस्त्यावर सापडत नाही. कुणीतरी आपल्या भरवशावर दिलेला असतो. त्याला लिहायच्या आधी, ज्यानं दिला त्याचं तोंड आठवा." दुसरी ताकीद पेन्सिलीची. नाव शाईने, पत्ता पेन्सिलीने. माणूस तोच राहतो, घर बदलतं.

वही कुणीही पाहावी, पण बारनिशीच्या टेबलावर उभं राहून. लिहायची फक्त आम्ही दोघांनी. दुरुस्ती कळली तर चिठ्ठी द्यायची. आम्ही खात्री करून उतरवणार. वही खोलीबाहेर न्यायची नाही. हा नियम जाचक वाटून कुरकुर व्हायची, आणि मीही सुरुवातीला कुरकुरणाऱ्यांच्या बाजूची होते. मग एकदा बाहेरच्या एका माणसाने कुणाच्या तरी ओळखीने आत येऊन दुपारभर पत्ते उतरवून नेले. महिन्याभरात आमच्या वर्गणीदारांच्या घरी पैशाच्या कसल्याशा योजनेची छापील पत्रकं पडली. पुलगावहून, देवळीहून पोस्टकार्डं आली: आमचा पत्ता तुम्ही ह्यांना दिलात काय? त्या पोस्टकार्डांना उत्तरं लिहिताना ‘मार्फत’ रकान्याचा अर्थ मला नीट कळला. ज्या गुरुजींनी चाळीस नावं दिली होती, त्यांच्याकडे बडेबाबू स्वतः सायकलने जाऊन आले.

गावांच्या नावांचा घोळ सेवाग्राम झाल्याने संपला नव्हता. आमच्याच जिल्ह्यात कारंजा आहे, घाडगे कारंजा. आणि वाशीमकडे कारंजा आहे, लाड कारंजा. आष्टी आमची आहे, १९४२ च्या गोळीबाराची, म्हणून आष्टी शहीद म्हणतात ती. आणि आष्टी बीड जिल्ह्यातही आहे. सेलू आमचा तालुका आणि सेलू परभणीचाही. ‘जि. वर्धा’ लिहायला विसरलं की पत्र मराठवाडा फिरून यायचं. अशा पत्रांवर चार-पाच गावांचे गोल शिक्के असत. तारखा वाचल्या की पत्राचा सगळा प्रवास कळे.

१५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला, आणि आमच्यासारख्यांच्या डोक्यावरचं ओझं त्याने उतरवलं. ही कल्पना एका मराठी माणसाची, श्रीराम भिकाजी वेलणकरांची. डाक-तार खात्यातले वरिष्ठ अधिकारी, आणि त्याच वेळी संस्कृतात लिहिणारे विद्वान. सहा अंकांत पहिला अंक विभागाचा, पहिले तीन मिळून टपाल-छाटणीचा जिल्हा, शेवटचे तीन प्रत्यक्ष पोस्ट ऑफिस. ४४२ म्हटलं की वर्धा, चंद्रपूर, गडचिरोलीकडचं टपाल. आमचं कारंजा ४४२, लाडांचं ४४४. आमची आष्टी ४४२, बीडची ४१४. सेलूचंही तेच, ४४२ आणि ४३१. सेवाग्रामला ४४२१०२ मिळाला. सहा अंकांनी ते साधलं ज्यासाठी १९४० साली गावाला नाव बदलावं लागलं होतं. जुन्या वहीत पिनकोडचा रकाना नव्हता. तो समासात लिहिलेला होता, आणि काही पानांवर त्याला जागा न मिळाल्याने उभा.

संगणक आले ते नव्वदच्या दशकाच्या शेवटी. तोवर जगात पत्त्यांच्या सामायिक वहीचा विचार बराच पुढे गेला होता, हे मला नंतर वाचून कळलं. १९८८ मध्ये एक्स-५०० नावाचं आंतरराष्ट्रीय मानक ठरलं: सगळ्या संस्थांच्या माणसांची एकच जगभरची निर्देशिका असावी, असा मोठा मनसुबा. तो तसा कधी पुरा झाला नाही, पण त्याचंच हलकं रूप, एलडॅप, १९९३ पासून चालू लागलं आणि आजही मोठमोठ्या कचेऱ्यांत आतून तेच चालतं. १९८९ च्या लोटस नोट्समध्ये नावा-पत्त्यांची सामायिक वही होतीच. १९९६ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्स्चेंज सर्व्हर काढला, १९९७ च्या आरंभी आउटलुक. त्यात कुठल्याही फोल्डरवर, मग तो टपालाचा असो की काँटॅक्ट्सचा, कुणाला काय करता येईल हे ठरवता येई. ती यादी पहिल्यांदा पडद्यावर पाहिली तेव्हा मी खुर्ची पुढे ओढली. रिव्ह्यूअर: फक्त पाहणार. ऑथर: नवं लिहील, स्वतः लिहिलेलंच बदलेल. एडिटर: सगळ्यांचं बदलेल. ओनर: कुणाला काय द्यायचं ते ठरवील. आणि एक काँट्रिब्यूटर: आत टाकू शकेल, पण आतलं पाहू शकणार नाही. बडेबाबूंची सगळी शिस्त तिथे नावं लावून मांडलेली होती. टेबलावर उभे राहून पाहणारे रिव्ह्यूअर, आम्ही दोघे एडिटर, चिठ्ठी आणून देणारे काँट्रिब्यूटर. अमेरिकेतल्या कुणी आमचं दफ्तर पाहिलेलं नव्हतं. माणसांचे पत्ते एकत्र ठेवायला बसलं की हेच प्रश्न पडतात आणि साधारण ह्याच उत्तरांशी यावं लागतं, असं माझं मत त्या दिवशी पक्कं झालं.

अडचण अशी की हे सगळं एक्स्चेंज सर्व्हर असेल तरच. सर्व्हर म्हणजे वेगळं यंत्र, वेगळा परवाना, सांभाळणारा माणूस. जिल्ह्याच्या गावातल्या संस्थेला ते कुठून झेपणार? आमच्याकडे तीन संगणक, फोनच्या तारेवर किरकिरत लागणारं इंटरनेट, आणि प्रत्येक संगणकावर वेगळं आउटलुक. त्यात ‘नेट फोल्डर्स’ नावाची एक सोय होती, आउटलुक ९८ आणि २००० मध्ये. सर्व्हर नसला तरी फोल्डर सामायिक करता येई. एकाने केलेला बदल ईमेलने दुसऱ्याकडे जाऊन तिथल्या प्रतीत आपोआप उतरायचा. आम्ही मोठ्या आशेने ती लावली. पण बदल वाटेत अडकायचे, एका संगणकावरची नोंद दुसऱ्यावर येतच नसे, आणि कुठली खरी ते कळायला मार्ग नव्हता. पुढच्याच आवृत्तीत कंपनीने ती सोय काढून टाकली.

मग राहिला एकच उपाय: एकाची यादी फ्लॉपीवर घेऊन दुसऱ्याच्या संगणकात ओतायची. आणि इथे, इतक्या वर्षांच्या कामात, सगळ्यात मोठं नुकसान आमच्या पत्त्यांचं झालं. वही एक होती, म्हणून तिच्यातलं खरं-खोटंही एकच होतं. आता तीन प्रती झाल्या आणि तिघींचा संसार वेगळा सुरू झाला. हिंगणघाटचे एक जुने वर्गणीदार वारले. त्यांचं नाव मी माझ्या यादीतून काढलं. हिशेबाच्या टेबलावर ते राहिलं, कार्यक्रमाच्या टेबलावरही राहिलं. वार्षिक निमंत्रण त्यांच्या नावाने पुन्हा गेलं. त्यांच्या मुलाचा फोन आला. आवाज चढलेला नव्हता. "ताई, बाबांना जाऊन दोन वर्षं झाली जी." लाल वहीत हे झालं नसतं. तिथे नावावर एक रेघ मारली की ती सगळ्या दफ्तरासाठी मारलेली असायची.

भाषेचं तर वेगळंच. त्या आवृत्त्यांत देवनागरी नावं धड साठत नव्हती; आउटलुकची साठवणीची फाईल युनिकोड झाली ती २००३ च्या आवृत्तीपासून. त्याआधी मराठी पत्त्यांची लेबलं आम्ही वेगळ्या फाँटमध्ये करायचो, आणि तो फाँट दुसऱ्या संगणकात नसला की कारंजा घाडगेच्या जागी चिन्हांची रांग दिसायची. म्हणून नावं रोमन लिपीत भरली. मग वानखडे कुणी एका तऱ्हेने लिहिले, वानखेडे कुणी दुसऱ्या. चौधरींच्या तर चार तऱ्हा झाल्या. संगणकाला ती चार माणसं वाटली. वहीत देवनागरीत लिहिलेलं एक आडनाव सगळ्यांना एकच वाचता येत होतं.

आणि ‘मार्फत’ रकाना गेला. आउटलुकच्या काँटॅक्टमध्ये घरचा पत्ता आहे, कचेरीचा आहे, मोबाइल, फॅक्स, वाढदिवस, लग्नाचा वाढदिवसही आहे. कुणामार्फत हे नाव आपल्याकडे आलं, ते विचारणारी जागा समोरच्या पडद्यावर दिसत नाही. मी ते खालच्या ‘नोट्स’च्या चौकोनात लिहायला लागले, पहिल्या ओळीत, नेहमी त्याच जागी. बाकीच्यांना ते अनावश्यक वाटायचं. नवीन लागलेल्या एका मुलीने मात्र न सांगता तसंच लिहायला सुरुवात केली. तिच्यावर माझा जीव जडला तो तेव्हापासून.

पुढे भाड्याने मिळणाऱ्या सर्व्हरवर टपाल गेलं, यंत्र आपल्या खोलीत ठेवायची गरज संपली, आणि सामायिक काँटॅक्ट्सचा फोल्डर अखेर आमच्या आवाक्यात आला. एक प्रत, परवानग्या ठरलेल्या, बदल कुणी केला त्याची नोंद. लाल वहीचं पहिलं वचन वीस वर्षांनी पुरं झालं. पण तोवर दफ्तरातल्या लोकांनी पत्ते दुसरीकडे नेले होते, आपापल्या मोबाइलमध्ये. आज एखाद्या संस्थेत जाऊन विचारा, अमक्यांचा नंबर आहे का? उत्तर येतं, "सरांच्या फोनमध्ये आहे." सर बदलून गेले की नंबर गेला. फोन हरवला की गोतावळा हरवला. महादेवभाईंच्या डोक्यात पत्ते होते ह्याचं दुःख करावं, तर त्यांच्या मागे निदान त्यांची डायरी राहिली. सरांच्या फोनमागे काय राहतं? खासगी फोनमधली संस्थेची नावं ही संस्थेची हानी आहे, हे मी निवृत्त होईपर्यंत प्रत्येक बैठकीत बोलले.

दुसऱ्या बाजूची काळजीही तेवढीच खरी. सामायिक म्हणून जे नंबर एकदा व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात टाकले, ते टेबलावर उभे राहून पाहण्यापुरते राहत नाहीत. दुपारभरात कुठल्या कुठे जातात. शिबिराला आलेल्या मुलींचे नंबर उपस्थितीपत्रकावरून फोटो काढून नेलेले मी पाहिले आहेत, आणि त्या मुलींना नंतर आलेले फोनही मला ठाऊक आहेत. २०२३ मध्ये व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यातल्या संमतीच्या कलमांची चर्चा मोठ्या कंपन्यांपुरती होते. ती आपल्या उपस्थितीपत्रकापर्यंत आली पाहिजे.

मी निवृत्त व्हायच्या आधीच्या हिवाळ्यात, नोट्समध्ये ‘मार्फत’ लिहिणाऱ्या त्या मुलीने आणि मी सबंध फोल्डर साफ करायला घेतला. दुहेरी नावं जोडली, रोमनमधली आडनावं देवनागरीत आणली, कारंजांपुढे घाडगे आणि लाड लिहिलं, पिनकोड तपासले. आणि प्रत्येकाला फोन केला: आमच्या सामायिक यादीत तुमचं नाव आणि नंबर आहे, दफ्तरातल्या सगळ्यांना दिसतो, ठेवू का? पुष्कळांना प्रश्नाचंच नवल वाटलं. काहींनी ठेवा म्हटलं, काहींनी पत्ता ठेवा पण नंबर काढा. दोघी-तिघींनी काढून टाकायला सांगितलं, तर आम्ही कारण न विचारता काढलं. आष्टीचे एक वयोवृद्ध खादी कार्यकर्ते होते, लाल वहीच्या काळापासूनचे. त्यांच्या नोंदीत ‘मार्फत’ पुढे बडेबाबूंचंच नाव होतं. ते मी त्यांना वाचून दाखवलं. त्यांनी बडेबाबूंची चौकशी केली, ते कधीच गेल्याचं मी सांगितलं. मग म्हणाले, "माझं राहू द्या, बाई. पण तो दुसरा नंबर नातवाचा आहे. त्याला विचारल्याशिवाय नका ठेवू." मी तो नंबर काढला, नोट्समध्ये ‘नातवाला विचारणे’ असं लिहिलं, आणि त्या मुलीला एडिटरची ओनर केलं.